मैत्रिणीचे सात किलो

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे, उंची ५ फूट १ इंच, वजन ७८ किलो. घरी शिवणकाम करते, त्यामुळे दिवसभर मशीनवर बसणं. चार वर्षांपासून थायरॉइडची ५० ची गोळी सुरू आहे. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण वजन उतरवायच्या हर्बल कॅप्सूल घेते. एका महिन्यात ती ७ किलो उतरली. ६० कॅप्सूलची बाटली १,८०० रुपयांना मिळते. तिच्या तोंडाला कोरड पडते आणि रात्री झोप लागत नाही, बाकी काहीच त्रास नाही. जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही असं देणाऱ्या ताई सांगतात. मी घेऊ का?

उत्तर :

ताई, घेऊ नका. आणि मैत्रिणीलाही आजपासून बंद करायला सांगा.

एवढं लिहून थांबता आलं असतं, पण 'नको' म्हटलं की माणूस दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातो, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २२ वर्षं दवाखाना चालवून मला कळलंय. म्हणून जरा बैजवार सांगते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडले. तोंडाला कोरड पडते, झोप लागत नाही, 'बाकी काहीच त्रास नाही.' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला त्यात एका जुन्या औषधाची ओळख पटते. त्याचं नाव सिब्युट्रामिन. १९९७ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि पुढे आपल्याकडेही ते चिठ्ठीवर मिळायचं. मेंदूतली दोन रसायनं, नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि सेरोटोनिन, ते जास्त वेळ टिकवून धरतं. त्यामुळे चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं. पण नॉरअ‍ॅड्रिनलिन काही फक्त भुकेचं काम बघत नाही. घाबरल्यावर जे छातीत धडधडतं तेही त्याचंच काम. म्हणून या औषधाने नाडी वाढते, बीपी वाढतं, तोंड सुकतं, झोप उडते, संडासला कडक होते.

मग सुमारे १०,००० लोकांवर एक मोठी तपासणी झाली. वयाने ५५ च्या पुढचे, आधीच हृदयाचा आजार किंवा मधुमेह असलेले लोक त्यात होते. खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवर असलेल्यांपैकी १०.० टक्के लोकांना हार्ट अटॅक, लकवा किंवा हृदयामुळे मृत्यू अशा गोष्टी झाल्या. सिब्युट्रामिनवर असलेल्यांत हे प्रमाण ११.४ टक्के निघालं. फरक दिसायला लहान आहे. पण ज्यांचं हृदय वाचावं म्हणून वजन उतरवायचं, त्यांचंच हृदय जास्त बिघडत असेल तर ते औषध कशाला हवं? जानेवारी २०१० मध्ये युरोपने ते थांबवलं, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतानेही बंदी घातली.

मेडिकलच्या कपाटातून ते गेलं, पण त्याची पावडर बनवणं काही जगातून थांबलं नाही. आता ती 'हर्बल' म्हणवणाऱ्या कॅप्सूलमध्ये सापडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात चोरून औषध मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं पकडली. त्यातली ३१७ वजन उतरवण्याची होती, आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन निघालं. पाकिटावर अर्थातच त्याचं नाव नव्हतं.

तुमच्या मैत्रिणीच्या बाटलीत तेच आहे असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही. कॉफीचा अर्क भरपूर असला तरी झोप उडते, थायरॉइडचं औषध मिसळलं असलं तरी उडते. पण त्रिफळा, मेथी, गुळवेल यांनी कुणाच्या तोंडाला कोरड पडून रात्रभर डोळा लागला नाही, असं मी तरी पाहिलेलं नाही.

दवाखान्यात मला नेहमी ऐकू येतं, "मॅडम, जडीबुटीच तं हाये, त्यानं का होते? अन् लागू बी पडली न मले." मला धास्ती नेमकी या 'लागू पडली'ची असते. जडीबुटीच्या नावाखाली नुसता भुसा भरलेला असेल तर तुमचे १,८०० रुपये जातील, वाईट वाटेल, संपलं. पण खाण्यात काहीही न बदलता महिन्यात काटा धाडकन उतरत असेल, तर त्या कॅप्सूलमध्ये काहीतरी जोरकस आहे. ते काय आहे, किती मिलिग्रॅम आहे, विकणाऱ्या ताईंनाही माहीत नसतं. त्या खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा त्या स्वतःही तीच कॅप्सूल घेत असतात.

आता त्या ७ किलोंचा हिशेब करू. तुम्ही शिवणकाम करता, मापाची सवय आहे, तर हे तुम्हाला पटेल. १ किलो चरबी जळायला साधारण ७,७०० कॅलरी खर्चाव्या लागतात. ७ किलोंच्या झाल्या जवळपास ५४,०००. महिन्याचे ३० दिवस धरले तर रोज १,८०० कॅलरींची तूट. तुमच्या बांध्याच्या बाईचं दिवसभराचं एकूण जळण २,००० च्या आसपास असतं. म्हणजे महिनाभर जवळजवळ निर्जळी एकादशीसारखं राहिलं तर ७ किलो चरबी उतरेल. तुमची मैत्रीण तर स्वयंपाक करते, जेवते, हळदीकुंकवाला जाते. तेव्हा ते ७ किलो सगळे चरबीचे नाहीत. काही चरबी असेल, काही स्नायू, आणि बराच भाग पाणी.

पाणी उतरवायचे दोन सोपे मार्ग आहेत, आणि दोन्ही या बाटल्यांमध्ये आणि 'स्लिमिंग चहा'च्या पुड्यांमध्ये वापरतात. एक म्हणजे लघवी जास्त करणारं औषध, जे आम्ही पायावर सूज असलेल्या हृदयरुग्णाला मोजून देतो. दुसरी सोनामुखी. सोनामुखी आपल्या आजीच्या डब्यातलीच, बद्धकोष्ठाला एखाद दिवस घ्यायला हरकत नाही. पण तिचं काम मोठ्या आतड्यात चालतं. भाकरीतली, तेलातली ताकद त्याच्या कितीतरी आधी लहान आतड्यात अंगात शिरलेली असते. म्हणजे जुलाब होऊन बाहेर पडतं ते पाणी आणि त्याच्यासोबत पोटॅशियम. पोटॅशियम घसरलं की पायात गोळे येतात, अंग गळून जातं, आणि हृदयाचा ठेका चुकतो. दोन तांबे पाणी प्यायलं आणि चार दिवस जेवलं की काटा परत जागेवर. मग दुकानदार म्हणतो, "बघा, कोर्स अर्धवट सोडला म्हणून वाढलं."

हे मुंबईतल्या बाईला जेवढं लागतं त्याहून आपल्याकडे जास्त लागतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. शेतात, नाही तर टिनाच्या खोलीत मशीनवर बसलेल्या बाईला घामातून जे पाणी जातं तेच भरून निघत नाही. त्यावर लघवीची गोळी आणि जुलाब म्हणजे उष्माघाताला घरी बोलावणं. आणि सिब्युट्रामिनसारखं औषध पोटात असेल तर हृदय आधीच पळत असतं.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या डॉक्टरला विसरता येत नाही. सिकलसेल, रक्ताचा पिढीजात आजार. तुमच्या घरात कुणाकडे आरोग्य खात्याचं लाल किंवा पिवळं कार्ड आहे का? लाल कार्ड म्हणजे आजार, पिवळं म्हणजे वाहक. लाल कार्डवाल्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं मोडल्यासारखी दुखतात. लग्न ठरलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे अशीच आली होती. बारीकच होती, पण सासरच्यांना 'अजून थोडी' बारीक हवी होती म्हणे. १५ दिवस स्लिमिंग चहा पीत होती. तिचं लाल कार्ड लग्न मोडू नये म्हणून आईने पेटीत तळाशी ठेवलं होतं. तीन दिवस सलाइन आणि दुखण्याची इंजेक्शनं लागली. चहाचं नाव आईने आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही, कारण तो शेजारच्याच काकूंनी दिला होता आणि संबंध बिघडले असते. मी राग गिळला. खरं सांगायचं तर त्या आईवर मला राग येत नव्हता, कीव येत होती.

तुमचं स्वतःचं थायरॉइड. इथे तीन गोष्टी आहेत. पहिली, वजन उतरावं म्हणून स्वतःच्या मनाने ५० ची १०० करू नका. मेडिकलवाला देईल, पण तुम्ही घेऊ नका. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिनने, म्हणजे तुमच्या गोळीतल्या औषधाने, वजन उतरतं हे खरं आहे, पण त्यात स्नायू झिजतात, हाडं पोकळ होतात, हृदय धडधडतं आणि कधी कधी त्याचा ठेकाच बिघडतो. या गोळीच्या माहितीपत्रकावर 'लठ्ठपणासाठी वापरू नये' असा ठळक इशारा असतो. दुसरी, हर्बल कॅप्सूलमध्ये थायरॉइडचाच अर्क असला तर तुमच्या गोळीवर आणखी एक गोळी चढली, आणि तुम्हाला पत्ता नाही. तिसरी जरा वेगळी आहे. केसांच्या आणि त्वचेच्या गोळ्यांत, आणि बऱ्याच 'वेलनेस' पावडरींत, बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. ते रक्ताच्या तपासणीत घोळ घालतं. टीएसएच हा थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, तो कमी म्हणजे गोळी जास्त होतेय. तो प्रत्यक्षात बरोबर असला तरी कागदावर खोटा कमी दिसू शकतो. मग डॉक्टर तुमची गोळी कमी करतात, आणि सहा महिन्यांनी तुम्ही सुजलेल्या चेहऱ्याने परत येता. म्हणून असली काही पावडर सुरू असेल तर तपासणीच्या आधी डॉक्टरला सांगा आणि दोनेक दिवस बंद ठेवा.

यकृताबद्दल थोडं. 'गार्सिनिया' हे नाव बाटलीवर असेल तर वाचून ठेवा. ही आपल्या कोकमाची दक्षिणेकडची बहीण, केरळात माशाच्या कालवणात घालतात ते आंबट फळ. कालवणात घालून कुणाचं काही बिघडत नाही, तसंच तुमच्या कोकम सरबतानेही बिघडणार नाही. पण त्याच फळातलं आम्ल काढून, घट्ट करून कॅप्सूलमध्ये भरलं, तेव्हा ते घेणाऱ्यांत यकृत सुजल्याच्या नोंदी निघाल्या. ग्रीन टीचंही तसंच. पाण्यात उकळून प्यायचा चहा वेगळा आणि त्याच्या अर्काची गोळी वेगळी. त्या अर्कातलं मुख्य द्रव्य रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढतात, म्हणजे यकृत दुखावल्याची खूण दिसते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. आणि ही गोळी घेऊन काय मिळतं? जवळजवळ काहीच नाही.

गोळी सुरू असताना लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली, अंगाला खाज सुटली, मळमळायला लागलं, डोळे पिवळे दिसले तर ती बाटली त्याच क्षणी बंद करा आणि दवाखाना गाठा. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे कावीळ म्हटली की लोक आधी माळ घालायला जातात. माळ वाढत वाढत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. विषाणूची साधी कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते, म्हणून माळेचं नाव होतं. पण औषधाने सुजलेलं यकृत आणि तीच कॅप्सूल सुरू, अशी माळ घालून बसलेली बाई दोन आठवड्यांत बेशुद्ध होऊ शकते.

पुरुषांचा विषय यात वेगळा नाही. गेल्या काही वर्षांत पोलीस भरतीची तयारी करणारी पोट्टी माझ्याकडे धडधडीसाठी यायला लागली आहेत. १६०० मीटरची धाव वेळेत मारायची असते, जिममधला कुणीतरी 'फॅट बर्नर' देतो. त्याच्या एका चमच्यात ३०० मिलिग्रॅम कॅफिनसुद्धा असू शकतं, आणि पोट्टं घाई म्हणून दोन चमचे घेतं. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ४०० च्या वर जाऊ नये असा साधारण दंडक आहे. मे महिन्यात सकाळी उपाशीपोटी ६०० घेऊन धावणारा मुलगा मैदानावर कोसळला, तर त्याला 'ऊन लागलं' म्हणतात. असा एक मुलगा मी पाहिला. वाचला. नाडी १७० च्या पुढे होती आणि तो मला विचारत होता, "मॅडम, उद्या ग्राउंड आहे, जाऊ न?"

तुम्ही म्हणाल, मग चांगली गोळी कधी निघालीच नाही का? हा इतिहास फार वाकडा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचं एक रसायन वजनासाठी दिलं जायचं. ते पेशीतली ताकद कामाला लागू देत नाही, उष्णता करून उधळून टाकतं. लोक बारीक झाले, काहींना ऐन तारुण्यात मोतीबिंदू झाला, काही तापाने आतून भाजून मेले. ते १९३८ पर्यंत बंद झालं. आजही ते चोरून विकलं जातं. मग फेनफ्लुरामिन आलं. त्याने हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून १९९७ मध्ये काढून घेतलं. रिमोनाबँटने भूक कमी झाली पण माणसं इतकी उदास झाली की २००८ मध्ये युरोपने ते थांबवलं. लॉर्कासेरिन २०२० मध्ये कर्करोगाच्या शंकेने गेलं. यातलं प्रत्येक औषध डॉक्टरांनीही दिलं होतं, आणि डायनायट्रोफेनॉल सोडलं तर बाकीची सगळी मान्यता असलेली होती. आमच्या धंद्याने इथे वेळोवेळी हात पोळून घेतले आहेत, हे मी लपवत नाही.

आज जे कायदेशीर आहे त्यातलं जुनं म्हणजे ऑर्लिस्टॅट. ते भुकेला हात लावत नाही. जेवणातली साधारण ३० टक्के चरबी आतड्यात पचू देत नाही, ती संडासवाटे निघून जाते. १२० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत दिवसातून तीनदा. वर्षभरात खोट्या गोळीपेक्षा सुमारे ३ किलो जास्त उतरतात, तेही खाणं सांभाळलं तर. आणि ज्या दिवशी तुम्ही आलुबोंडे आणि तर्री पोहे खाल त्या दिवशी तेल खालून गळतं. हे मी सौम्य शब्दांत लिहिलंय. एका मास्तरांना मी ही गोळी दिली होती. त्यांनी लग्नात सावजी रस्सा चापला आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसले. त्यांनी परत येऊन मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अ, ड, ई आणि के ही तेलात विरघळणारी जीवनसत्त्वंही त्याच्यासोबत जातात, म्हणून झोपताना वेगळी गोळी द्यावी लागते. तुमच्या थायरॉइडच्या गोळीत आणि यात निदान चार तासांचं अंतर हवं.

नवीन आहेत ती इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही दोन्ही २०२५ मध्ये भारतात आली. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायची. यांचं काम खरं आहे. सेमाग्लुटाइडच्या तपासणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, खोट्या इंजेक्शनवर २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेवर तर २० टक्क्यांपर्यंत गेलं. तुमच्या ७८ किलोंवर १५ टक्के म्हणजे साडेअकरा किलोंच्या वर. मी माझ्या काही पेशंटना ही देते आणि ती देताना मला अपराधी वाटत नाही.

पण ही घ्यायची तर पूर्ण समजून घ्या. मळमळ आणि उलट्या सुरुवातीला बऱ्याच जणांना होतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंड सुजतं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग झालेला असेल तर ही चालत नाहीत. तुमचा थायरॉइड मंद असणं ही वेगळी गोष्ट, त्याने अडत नाही. घटलेल्या वजनातला काही भाग स्नायूंचा असतो, म्हणून सोबत डाळ, अंडी, दही आणि थोडं अंगमेहनतीचं काम लागतंच. मूल होऊ द्यायचं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन अचानक दिवस जातात, हेही मी पाहिलंय. टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि मात्रा वाढवताना पाळणा लांबवायच्या गोळीचा भरवसा कमी होतो. आणि बंद केलं की भूक परत येते. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत चढल्याचं दिसलं आहे. म्हणजे तीन महिन्यांचा 'कोर्स' करून सोडून द्यायची ही गोष्ट नाही, आणि महिन्याचा खर्च हजारांत जातो. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतात मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे ते स्वस्त होत जाईल. स्वस्त झालं की इंजेक्शनची नकली पेनंही येतील, ही माझी भीती आहे. वापरायच्या आधी हे पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पार्सल आलेलं पेन, त्यावर आपल्याकडची लाइट जाणं, हे सगळं धरून विचार करा.

ही औषधं कुणासाठी? साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत बीपी, शुगर असं काही असेल तर. तुमचा येतो ३२.५. म्हणजे तुम्ही औषधाच्या हक्कदार आहात, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगायचंय, कारण जाड बाईला 'खाणं कमी कर' एवढंच ऐकवायची आपल्याकडे रीत आहे. आपल्या लोकांत पोटावरची चरबी लवकर साठते, त्यामुळे बायकांनी कमरेचं माप ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावं असं आम्ही सांगतो. टेप तर तुमच्या गळ्यातच असते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, माप घ्या आणि लिहून ठेवा. ते वजनकाट्यापेक्षा खरं बोलतं, कारण पाणी उतरल्याने कंबर फारशी उतरत नाही.

बाटलीवरच्या नंबरांबद्दल लोक विचारतात. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर म्हणजे अन्नपदार्थ विकायचा परवाना, तो चिवड्याच्या पुड्यावरही असतो. त्याने वजन उतरतं हे सिद्ध होत नाही. 'लठ्ठपणा बरा करतो' अशी औषधाची जाहिरात करणंच १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे जो मोबाइलवर तशी हमी देतो तो पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो. आणि याची उलट बाजूही बघा. गावात 'वजन वाढवायची' पावडर मिळते, ती खाऊन चेहरा गोल होतो, सांधेदुखी पळते. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. ती महिनोन्‌महिने खाल्लेली असेल तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरच्या हाताने उतरवत आणा, नाही तर बीपी कोसळतं.

आता तुमचं. शिवणकामाच्या बाईला रोज पाच किलोमीटर चाला असं सांगण्यात अर्थ नाही, हे मला माहीत आहे. दिवाळीच्या आधी तुम्हाला उठायलाही वेळ नसणार. म्हणून मी पहिल्यांदा तेलाचा पिपा विचारते. घरात पाच माणसं आणि १५ किलोंचा पिपा दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल झालं, म्हणजे ४५० कॅलरी. तोच पिपा तीन महिने पुरवला तर माणशी ३३ ग्रॅम. रोजच्या दीडशे कॅलरी वाचल्या, प्रत्येकाच्या. ऑर्लिस्टॅट काय करतं? दिवसाला ६० ग्रॅम चरबी खाणाऱ्याची १८ ग्रॅम वाया घालवतं, म्हणजे साधारण १६० कॅलरी. पिप्याला झाकणावर तारीख लिहा. फोडणीला पळी नको, चमचा घ्या. पिठलं, अंबाडीची भाजी, वरण हे सगळं निम्म्या तेलात होतं. पहिले १५ दिवस घरातले कुरकुरतील. वांग्याच्या भाजीला तेल थोडं लागतंच, ती आठवड्यातून एकदा करा, रोज करू नका.

चहाचंही विचारायला हवं. गिऱ्हाईक आलं की एक कप, ब्लाउज नेताना एक कप, असे सहा होतात. कपात दोन चमचे साखर आणि दूध धरलं तर पाऊणशे कॅलरी, सहाच्या साडेचारशे. दोनवर आणा. भात दुपारी घ्या, रात्री ज्वारीची भाकरी आणि घट्ट वरण, आधी वरण संपवा मग भाकरी. दर तासाला मशीनवरून उठून अंगणात दहा मिनिटं. इतकं धरून ठेवलं तर सहा महिन्यांत ४-५ किलो जाणं मला शक्य वाटतं. थोडे वाटतील, पण ५ टक्क्यांनीसुद्धा शुगर, बीपी आणि गुडघे यांत फरक पडतो. आणि सहा महिन्यांनी काटा हललाच नाही तर औषधाचं बोलू, तो तुमचा दोष समजायचा नाही.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरकडे जाऊन बीपी, टीएसएच, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आणि यकृताची तपासणी करून घ्या. सिकलसेलची झाली नसेल तर तीही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्या, चहा अर्ध्या तासाने.

मैत्रिणीला न्यायला विसरू नका. तिची नाडी आणि बीपी मोजायला सांगा, ईसीजी काढायला सांगा. बाटली रिकामी झाली असली तरी फेकू देऊ नका, लेबलासकट डॉक्टरला दाखवा. औषधाचा त्रास कळवण्यासाठी सरकारची मोफत लाइन आहे, १८००-१८०-३०२४, तिथे तुम्ही स्वतः फोन करू शकता, डॉक्टरच लागतो असं नाही. देणाऱ्या ताईंनाही सोबत घेऊन गेलात तर उत्तम. त्यांचं बीपी बहुधा तिघींत सगळ्यात जास्त निघेल.